थांब म्हटलं की थांबायचं असतं

गेले दोन शनिवार कोरडे गेले. लिहायला काही नव्हतं असं नाही. आळस. असो.

या आठवड्यात ऑफिसात एक छोटीशी गोष्ट झाली. टीममध्ये नवीन आलेला एक मुलगा (हुशार आहे, माझ्या दुप्पट वेगाने टाइप करतो) लॉग बघत बसला होता. एक सर्व्हिस बंद व्हायला दर वेळी बरोबर तीस सेकंद घेत होती. एकोणतीस नाही, एकतीस नाही. मी सहज विचारलं, "हे तीस काय आहे रे?"

"काही नाही सर. बंद हो म्हटलं तरी ती ऐकत नाही. मग तीस सेकंदांनी कुबरनेटिस स्वतःच उडवतो तिला. ऑटोमॅटिक आहे. टेन्शन नाही."

तो टेन्शन नाही म्हणाला आणि मला आलं. कारण हे वाक्य मी अठरा-एकोणीस वर्षांपूर्वी स्वतः म्हटलंय, जवळपास याच शब्दांत. आणि मग भोसरीचे काका आठवले. तर मंडळी, आजची गोष्ट त्यांची. आणि थोडी माझ्या एका शेल स्क्रिप्टची.

तर २००६. पुण्यातली पन्नास-साठ माणसांची एक कंपनी आणि त्यात दीड वर्षाचा अनुभव असलेला मी. आमचं प्रॉडक्ट म्हणजे लहान कारखान्यांसाठी मेल सर्व्हर. लिनक्सवर चालणारा, सी प्लस प्लसमध्ये लिहिलेला. आज हे सांगितलं की पोरं विचारतात, मेल सर्व्हर विकत कोण घ्यायचं? घ्यायचे हो. तेव्हा कारखान्यांत इंटरनेटची लाइन मिणमिणती असायची. ऑफिसातल्या चाळीस जणांनी आपापली मेल एकाच वेळी त्या लायनीवर ढकलण्यापेक्षा कोपऱ्यातल्या एका मशीनने सगळी गोळा करावी आणि सवडीने बाहेर पाठवावी, हे बरं पडायचं. पत्रपेटी आणि पोस्टमन दोन्ही आपल्याच आवारात.

भोसरी एमआयडीसीत आमचं एक गिऱ्हाईक होतं. गाड्यांचे सुटे भाग करणारं. २००६ च्या जूनमध्ये त्यांनी जुनाट मशीन काढून नवा सर्व्हर घेतला, दोन प्रोसेसरवाला. आमच्या ऑफिसात टेस्टिंगची झाडून सगळी मशीनं एका प्रोसेसरची. दोन प्रोसेसरच्या मशीनची किंमत ऐकल्यावर मॅनेजरसाहेबांनी विषय बदलला होता.

नव्या मशीनवर सगळं झकास चाललं. फक्त ते थांबेना.

म्हणजे काय, तर आमचा सर्व्हर रोज संध्याकाळी साडेसातला बंद करून परत चालू करायची पद्धत होती. का? तर तो दिवसभर मेमरी खाऊन फुगायचा. (हा वेगळा बग. तो कधीच सापडला नाही. खरं सांगायचं तर कुणी शोधलाही नाही.) जुन्या मशीनवर 'बंद हो' म्हटलं की एक-दोन सेकंदांत गुपचूप बंद व्हायचा. नव्यावर मात्र आठवड्यातून एक-दोनदा तसाच लटकून राहायचा. नवीन मेल घेत नाही, जुनी पाठवत नाही, मरतही नाही. सकाळी कारखाना उघडला की आमच्याकडे फोन.

हे काम माझ्याकडे आलं. मी त्यावर दोन दिवस घालवले, आमच्या मशीनवर शंभरदा चालू-बंद करून पाहिलं, एकदाही अडकलं नाही. तिसऱ्या दिवशी मी जे केलं ते आपल्यापैकी निम्म्या लोकांनी केलं असतं.

लिनक्समध्ये प्रोसेस थांबवायचे दोन मार्ग आहेत. एक सिगटर्म, नंबर १५. हा निरोप असतो. प्रोसेस तो ऐकते, हातातलं काम पुरं करते, दप्तर आवरते आणि जाते. दुसरा सिगकिल, नंबर ९. हा निरोप प्रोसेसपर्यंत पोचवलाच जात नाही. कर्नल परस्पर तिला उचलून बाहेर टाकतो. आपण मेलो हेसुद्धा तिला कळत नाही. मी स्क्रिप्ट लिहिली: आधी १५ पाठव, दहा सेकंद थांब, तोवर गेली नाही तर ९. झालं. एकूण सहा ओळी. सकाळचे फोन बंद झाले. मॅनेजरने सगळ्यांना सीसी करून 'गुड जॉब' लिहिलं. ती मेल मी बरेच दिवस जपून ठेवली होती, हे आता सांगायला हरकत नाही.

दिवाळीच्या आधी भोसरीहून एक तिकीट आलं. एका सप्लायरला एकच मेल दोनदा गेली आहे, सर्व्हरचा काही प्रॉब्लेम आहे का ते बघा. मी लॉग उघडला. त्यात त्या पत्त्यासाठी 'पाठवायला घेतली' अशा दोन ओळी दिसल्या, काही मिनिटांच्या अंतराने. मी तिकिटावर लिहिलं: युजरने दोनदा सेंड दाबलेलं दिसतं. आणि क्लोज केलं. पाच मिनिटं लागली असतील. ज्या स्पीडने हल्ली आपण 'ऑल कुकीज अ‍ॅक्सेप्ट' करतो, त्याच स्पीडने.

डिसेंबरात आमच्या आजोबांनी मला बोलावलं. आजोबा म्हणजे आमचे सर्वांत सीनियर इंजिनिअर. वय असेल पंचेचाळीसच्या आसपास, पण केस पार पांढरे, आणि ऑफिसचं सरासरी वय पंचवीस. त्यामुळे पाठीमागे आजोबा, समोर सर. त्यांच्या समोर माझी स्क्रिप्ट उघडी होती.

"हे तू लिहिलंस?"

"हो सर."

"का थांबत नव्हता तो?"

"मल्टिप्रोसेसर मशीनवर कधीकधी थांबत नाही सर."

"ते लक्षण झालं. मी कारण विचारतोय."

कारण मला माहीत नव्हतं. आजोबा पुढे म्हणाले की २००५ पासून ड्युअल कोर साध्या डेस्कटॉपमध्येही यायला लागलेत. वर्षा-दोन वर्षांत एका प्रोसेसरचं मशीन दुकानात मागून मिळणार नाही. आज एका गिऱ्हाइकाकडे आहे ते उद्या सगळ्यांकडे होणार. सगळीकडे काय नऊ नंबर मारत फिरणार आहेस का?

प्रश्न असा होता की बग बघायचा कुठे? दोन प्रोसेसरचं मशीन आमच्याकडे नव्हतं. मग आजोबांना आठवलं की अकाउंट्सच्या मॅडमना नुकतंच नवं मशीन मिळालंय, हायपरथ्रेडिंगवालं पेंटियम ४. त्यात प्रोसेसर एकच, पण तो ऑपरेटिंग सिस्टिमला दोन असल्यासारखा दिसतो. आमच्यासाठी तेवढं पुरेसं होतं. (इंजिनिअर लोक जुन्या डब्यांवर आणि उत्तम मशीन टॅलीला, हा त्या काळचा न्याय.) मॅडम म्हणाल्या, "शनिवारी घ्या, पण माझ्या टॅलीला हात लागला तर बघा." हार्डडिस्कला हात लावायचाच नाही म्हणून आम्ही एसएमपी कर्नल असलेल्या लाइव्ह सीडीवरून लिनक्स चालू केलं आणि आमचा सर्व्हर मेमरीतच टाकला. चालू-बंद करणारा एक लूप लावला. आठव्या का नवव्या फेरीत अडकला!

मंडळी, बग दिसल्यावर इतका आनंद आयुष्यात क्वचित होतो.

तो आनंद दहा मिनिटं टिकला. मी उत्साहाने प्रत्येक पायरीवर लॉग छापणाऱ्या ओळी घातल्या, आणि अडकणं बंद. ओळी काढल्या, परत अडकला. आजोबा हसले. जिम ग्रे नावाच्या संगणकतज्ज्ञाने १९८५ साली एक निबंध लिहिला होता, संगणक का थांबतात आणि त्यावर काय करता येईल याबद्दल. बघायला गेलं की गायब होणाऱ्या बगला तिथे त्याने हायझेनबग म्हटलंय. छापायला वेळ लागतो, छापण्यासाठी थ्रेड एकमेकांची वाट बघतात, आणि ज्या क्षणात घोळ होतो तो क्षणच सरकतो. आमचा सर्व्हर थांबत नव्हता एवढाच काय तो फरक.

मग आजोबांनी छापाछापी सोडून दोन गोष्टी केल्या. एक, टास्कसेट वापरून सर्व्हरला एकाच प्रोसेसरवर बांधून ठेवलं. तेच मशीन, तोच कोड. दोनशे फेऱ्या झाल्या, एकदाही अडकला नाही. दोन्ही प्रोसेसर मोकळे केले की सात-आठ फेऱ्यांत एकदा हमखास. म्हणजे भांडण खरोखरच एकाच वेळी चालणाऱ्या दोघांत होतं. दोन, अडकलेल्या सर्व्हरला जीडीबी लावून सगळे थ्रेड काय करताहेत ते बघितलं. आमच्यात मेल बाहेर नेणारे आठ थ्रेड होते. सात जण रीतसर गेलेले. आठवा कंडिशन व्हेरिएबलवर झोपलेला. आणि मुख्य थ्रेड त्या आठव्याची वाट बघत उभा. 'थांबा'चा फ्लॅग छापून पाहिला तर १. रांगेत मेल शून्य. सगळं बरोबर, फक्त एक माणूस झोपलेला.

आणखी पाच-सहा वेळा करून पाहिलं. दर वेळी राहणारा एकच. दोन कधीच नाहीत. हे मला विचित्र वाटलं आणि आजोबांना फार आवडलं.

संध्याकाळी टपरीवर त्यांनी जे समजावलं ते मी आजही नवीन पोरांना तसंच सांगतो. मार्केट यार्डातला एक गाळा समजा. आठ हमाल. कामाची पाटी एका खोलीत, खोलीला एकच किल्ली. हमालाने किल्ली घ्यायची, आत जाऊन पाटी बघायची. काम असेल तर करायचं. 'आज बंद' लिहिलं असेल तर घरी जायचं. दोन्ही नसेल तर आपल्या पोत्यावर जाऊन झोपायचं, आणि किल्ली ठेवायची ती आडवं झाल्यावरच, आधी नाही. मुकादमाचा पोऱ्या वेळ आली की पोत्यांवरून फिरतो आणि झोपलेल्यांना हलवतो. फक्त झोपलेल्यांना. रिकाम्या पोत्याला कशाला हलवेल?

आता साडेसातला काय व्हायचं बघा. आमचा मुकादम, म्हणजे बंद करणारा कोड, आधी एकदा सगळ्यांना उठवायचा, काही शिल्लक असेल तर नेऊन टाका म्हणून. हमाल उठायचे, किल्लीसाठी रांग लावायचे, एकेक जण पाटी बघायचा. तेवढ्यात मुकादम पाटीवर 'आज बंद' लिहायचा आणि पोऱ्याला परत फिरवायचा. लिहिताना किल्ली घ्यायचाच नाही. मालकच तो, खिडकीतून हात घालून लिहायचा. ज्याच्या हातात किल्ली आहे त्या हमालाने पाटी नुकतीच बघितलेली, तेव्हा ती कोरी होती, आणि तो पोत्याकडे चार पावलं चालतोय. त्या चार पावलांत पाटी लिहून झाली, पोऱ्याही फिरून गेला. पोऱ्याला त्याचं पोतं रिकामं दिसलं. हा मग पोत्यावर पोचला आणि निवांत झोपला. आता त्याला उठवायला कुणी येणार नाही. बाकीचे सात किल्ली घेऊन आत गेले, 'आज बंद' वाचलं, घरी गेले.

एकच का राहायचा तेही इथे कळतं. ती चार पावलं किल्ली हातात असलेलाच चालू शकतो, आणि किल्ली एकच.

आणि एका प्रोसेसरवर का होत नव्हतं? लहानपणी स्टॅच्यू खेळायचो ना आपण, तसं. एका प्रोसेसरच्या यार्डात एका वेळी एकच माणूस हलतो, बाकी सगळे स्टॅच्यू. ज्याची पाळी असते तो पाटीपासून पोत्यापर्यंतची चार पावलं बहुतेक एका दमात पार करतो. नेमका मधल्या पावलावर तो स्टॅच्यू झाला आणि नेमकी तेव्हाच मुकादमाची पाळी आली, तर तिथेही हेच होईल. पण तसं जुळून यायला नशीब फार खराब लागतं. म्हणजे बग पहिल्या दिवसापासून होता. दोन प्रोसेसरनी त्याला जन्म दिला नव्हता, नुसतं उघड्यावर आणलं.

(माझ्या अज्ञानाचा एक नमुना. फ्लॅगच्या आधी व्होलाटाइल लिहिलेलं होतं, आणि मी आजोबांना ठासून सांगितलं होतं की फ्लॅग थ्रेड-सेफ आहे. तेव्हा हा समज बऱ्याच जणांचा होता. सी प्लस प्लसच्या भाषेतच थ्रेडचे नियम आणि अ‍ॅटॉमिक हे प्रकार २०११ साली आले. त्याआधी जो तो आपापल्या श्रद्धेवर चालायचा.)

कोडमध्ये त्या जागी मूळ लेखकाची एक कॉमेंट होती: इथे लॉक घेऊ नये. गंमत म्हणजे ती एके काळी बरोबर होती. आधी तो कोड सिग्नल हँडलरमध्ये होता आणि सिग्नल हँडलरमध्ये लॉक घेतला तर सर्व्हर स्वतःच्याच लॉकपाशी अडकून बसू शकतो. पुढे कुणीतरी तो कोड शहाणपणाने तिथून काढून वेगळ्या थ्रेडमध्ये नेला. तिथे लॉक घ्यायला काहीच हरकत नव्हती. कोडबरोबर कॉमेंटही नेली. पुढची तीन वर्षं सगळ्यांनी ती वाचली आणि मान डोलावली. मीसुद्धा.

दुरुस्ती दोन ओळींची. लॉक घे, फ्लॅग लाव, सगळ्यांना उठव, लॉक सोड. मुकादमानेही किल्ली घेऊनच पाटी लिहायची. रात्री दहापर्यंत हजार फेऱ्या झाल्या, एकदाही अडकला नाही. मी पिशवी उचलली. घरी जाऊन मस्त झोपायचा विचार होता.

"बस जरा," आजोबा म्हणाले. "तो झोपलेला हमाल तू नऊ नंबरने मारत होतास, त्याचं काही नाही. तो झोपलेलाच होता. पण दहा सेकंदांनी जेव्हा मारत होतास, तेव्हा बाकीच्यांपैकी कुणाच्या डोक्यावर पोतं होतं का, हे बघत होतास?"

नव्हतो बघत. बघणार कसं? बाहेरून बघणाऱ्याला अडकलेली प्रोसेस आणि प्रामाणिकपणे कामात असलेली प्रोसेस सारखीच दिसते. दहा सेकंदांत गेली नाही ती अडकली, असं मी ठरवून टाकलं होतं.

मेल पोचवण्यात एक नाजूक क्षण असतो. आपला सर्व्हर समोरच्याला अख्खी मेल वाचून दाखवतो आणि शेवटी एका ओळीत नुसतं टिंब पाठवतो. समोरचा '२५०' म्हणतो, म्हणजे मिळाली, आता जबाबदारी माझी. ते ऐकल्यावरच आपण आपल्या रांगेतून मेल पुसायची. टिंब आणि २५० यांच्या मधे आपण मेलो, तर समोरच्याकडे मेल पोचलेली असू शकते आणि आपल्या रांगेतही ती तशीच असते. परत जिवंत झालो की आपण इमानाने ती पुन्हा पाठवतो. हे दुखणं जुनं आहे. फेब्रुवारी १९८८ चं आरएफसी १०४७ नावाचं दोन-तीन पानांचं टिपण आहे, क्रेग पार्ट्रिज यांचं. ते फक्त या दुबार मेलबद्दलच आहे. त्यात सांगितलंय की समोरच्याने टिंबानंतर फार वेळ लावू नये. पण २००६ पर्यंत सगळे तेवढ्याच वेळात व्हायरस स्कॅन करायला लागले होते. २००१ चं एसएमटीपीचं स्टँडर्ड तर पाठवणाऱ्याला सांगतं की या २५० साठी दहा मिनिटं थांबायची तयारी ठेव.

दहा मिनिटं. आणि मी द्यायचो दहा सेकंद.

ऑक्टोबरातलं ते तिकीट मला तेव्हा आठवलं. मी परत लॉग उघडला. 'पाठवायला घेतली' या दोन ओळी तशाच होत्या. दोन्ही ओळींत मेसेज आयडी एकच होता. माणसाने दोनदा सेंड दाबलं असतं तर आयडी दोन वेगळे पडले असते. मधे साडेसातचा रीस्टार्ट. पहिल्या ओळीनंतर 'पोचली' अशी ओळच नाही. सगळं डोळ्यांसमोर होतं, ऑक्टोबरातही होतं. मी फक्त ओळी मोजल्या होत्या, वाचल्या नव्हत्या.

सोमवारी मॅनेजरसाहेबांचं म्हणणं पडलं की नव्या व्हर्जनच्या नोटमध्ये 'स्थैर्यात सुधारणा' असं लिहू. गिऱ्हाइकाला जुनं कशाला उकरून सांगायचं? आजोबा त्यांच्याशी केबिनमध्ये अर्धा तास बोलले. काय बोलले माहीत नाही. बाहेर येऊन मला म्हणाले, "व्हर्जन घालायला तूच जा. आणि ज्यांची मेल होती त्यांना भेटून ये."

नाशिक फाट्याच्या ट्रॅफिकमधून बाईक काढत मी भोसरीला गेलो. मेल पाठवणारे गृहस्थ पर्चेसमध्ये होते. पन्नाशीचे, अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशाला दोन पेनं. मी दुरुस्तीचं थोडंसं सांगितलं, मग म्हटलं, "काका, ऑक्टोबरात तुमची एक मेल दोनदा गेली होती, त्याबद्दल..."

त्यांनी काही न बोलता खण उघडला आणि एक लांबट वही काढली. जावक रजिस्टर असतं ना, तसली. त्यांनी स्वतः पाठवलेली प्रत्येक मेल तीत लिहिलेली होती. तारीख, वेळ, कुणाला, विषय. कंपनीत ईमेल आल्यापासून ते लिहीत होते. पोरं हसायची म्हणे. त्यांनी पान काढून बोट ठेवलं. सप्लायरचं आठवड्याचं शेड्यूल, सोबत ड्रॉइंगचे स्कॅन, सात चोवीस. त्या दिवशी त्या सप्लायरला एकच नोंद.

सहा एमबीचं ओझं, त्या लायनीवर पाच-सहा मिनिटं. म्हणजे साडेसातच्या ठोक्याला आमचा हमाल टिंब ठेवून २५० ची वाट बघत उभा होता. मला आणखी हिशेब करायची गरजच पडली नाही.

पुढचं त्यांनीच सांगितलं. त्या शेड्यूलला वेगळा नंबर नसायचा. ओपन ऑर्डरवर दर आठवड्याला नुसता आकडा कळवायचा. सप्लायरने दुसरी मेल म्हणजे वाढीव मागणी समजून दोन हजारांच्या जागी चार हजार पितळी बुश पाठवले. माल परत घ्यायला त्याने खळखळ केली. चौकशी झाली. आयटीवाल्यांनी आमचा रिपोर्ट दाखवला: युजरने दोनदा सेंड दाबलेलं दिसतं. काकांनी वही दाखवली. वहीचं काय, ती तर तुम्हीच लिहिता, असं त्यांना ऐकवण्यात आलं. मेमो मिळाला. सत्तावीस वर्षांच्या नोकरीतला पहिला.

"तो रिपोर्ट मी लिहिला होता," मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मला वाटलं आता चिडतील. चिडले असते तर सोपं गेलं असतं. ते म्हणाले, "म्हणजे मी एकदाच पाठवली होती ना?"

"एकदाच."

"मला मधे मधे वाटायला लागलं होतं, दाबलं असेल आपल्याच हातून दोनदा. वय झालं."

मग चहा आला. चहा पिताना त्यांनी विचारलं, हे सगळं तुम्ही लेटरहेडवर द्याल का?

ते लेटरहेड मिळवायला दोन आठवडे गेले. मॅनेजरसाहेबांनी मसुद्यातून 'आमच्या चुकीमुळे' काढून 'तांत्रिक कारणाने' घातलं, आजोबांनी ते परत काढलं, असं तीनदा झालं. शेवटी 'आमच्या सॉफ्टवेअरमधील दोषामुळे'वर तडजोड झाली. मी हट्टाने त्यात मेसेज आयडी घालायला लावला. तो कुणी वाचणार नव्हतं, पण घातला.

हे सगळं त्या मुलाला मी चहाच्या वेळात सांगितलं. त्याच्या सर्व्हिसचं कारण अगदीच वेगळं निघालं. कंटेनरमधली पहिली प्रोसेस एक शेल स्क्रिप्ट होती, ती निरोप स्वतःपाशीच ठेवायची, खऱ्या प्रोग्रॅमला 'थांब' हे कधी कळतच नव्हतं. एका शब्दाची दुरुस्ती, एक्झेक. आता सर्व्हिस दोन सेकंदांत जाते. तीस सेकंदांनी मारल्यामुळे आजवर कुणाचं काय अर्धवट राहिलं ते तो शोधतोय. मीच शोधायला सांगितलंय. थोडा वैतागलाय माझ्यावर.

तसं बघितलं तर माझ्या त्या सहा ओळी आता सगळ्या जगाने घेतल्यात. कुबरनेटिस तीस सेकंद देतो, सिस्टमडी नव्वद, डॉकर दहा. डॉकरचे दहा पाहिले की मला उगाच आपुलकी वाटते. सोय वाईट नाहीये ती. खरोखर अडकलेल्याला कधीतरी हलवावंच लागतं, आणि सेकंद कमी-जास्त करताही येतात. पण ते वाढवायला गेलेला माणूस मी फार कमी वेळा बघितलाय, आणि कोण का थांबलं नाही हे विचारायला गेलेला त्याहून कमी.

पत्र द्यायला मी स्वतःच गेलो होतो. काकांनी चष्मा लावून सगळं वाचलं, दोनदा. म्हणाले, साहेबांना उद्या दाखवतो, मेमोचं बघू काय करतात ते. मग वही काढली. ऑक्टोबरातल्या त्या नोंदीशेजारच्या रकान्यात, जिथे शेरा लिहितात तिथे, त्यांनी तो मेसेज आयडी एकेक अक्षर बघत उतरवून घेतला. चाळीसेक अक्षरं असतील, मधे टिंबं आणि आकडे. एक आकडा चुकला तो खोडून परत लिहिला. त्यांचं होईपर्यंत मी थांबलो.